कपाट हलल्याचा अहवाल

६ फेब्रुवारी

लाडके भिंगरे,

तुझं पत्र आलं आणि मी ते चार वेळा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, म्हणजे नुसती पानं मोजली. दुसऱ्यांदा चष्मा लावून. तिसऱ्यांदा तुझ्या आत्याआजीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि चौथ्यांदा तिने मला, कारण तिचं म्हणणं, मी मधलं मधलं गाळते. मी कशाला गाळू? तू बारीक झालीस असं लिहिलंस तेवढी एक ओळ मी ओलांडली, एवढंच.

फोनचं म्हणशील तर तो तुझ्या आजोबांच्या ताब्यात. तू बोलायला लागलीस की हे "बरी आहेस ना? बरं बरं" म्हणतात आणि ठेवून देतात. पत्र कसं, ठेवून दिलं तरी परत काढता येतं.

तुझ्या शिक्षणाचं नाव मी पाठ केलंय. व्यवसाय व्यवस्थापन आणि प्रकल्प व्यवस्थापन. खालच्या सायकलवाल्याने विचारलं, "नात काय शिकते हो?" मी एका दमात सांगितलं. तो हातातलं पंक्चर सोडून बघत राहिला. म्हणाला, "दोन दोन व्यवस्थापनं? मला एक दुकान सांभाळवेना!" मी म्हटलं, थांब, अजून आहे. तिला चार महिने खऱ्या कारखान्यात काम पण करायचंय, त्याशिवाय पास करत नाहीत. ही पद्धत मला फार आवडली. लग्नाआधी चार महिने सासरी राहून बघायची सोय आमच्या वेळी असती, तर मी वन्संना, म्हणजे तुझ्या आत्याआजीला, आधीच ओळखलं असतं. (हे त्या वाचणार आहेत, म्हणून लिहिते की ओळखूनही मी हेच घर केलं असतं.)

तर कारखान्यात तुझ्या हाताखाली किती माणसं दिलीत ते कळव. सायकलवाला विचारतोय.

तुझी आजी

१२ फेब्रुवारी

आजी,

हाताखाली माणूस एकही नाही. हाताखाली एक टेबल आहे आणि तेही डुगडुगतं.

हा पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना आहे. मी सकाळी नऊपासून खोक्यांवर 'ही बाजू वर' असा बाण चिकटवते. काल सत्तर बाण उलटे चिकटवले. साहेब रागावले नाहीत. त्यांनी खोकं उलटं धरलं आणि म्हणाले, "हे बघ, झालं बरोबर."

खरी अडचण सांगते, पण आजोबांना बोलू नकोस. या चार महिन्यांत मला एक प्रकल्प स्वतः आखून, स्वतः चालवून पूर्ण करून दाखवायचा आहे. त्याला खरा ग्राहक लागतो, म्हणजे ज्याचं काहीतरी अडलंय असा माणूस. वीस एप्रिलच्या आत अहवाल आणि फोटो परीक्षक बाईंकडे गेला नाही, तर हे चार महिने पुढच्या वर्षी पुन्हा. मी साहेबांकडे प्रकल्प मागितला तर ते म्हणाले, "अगं, आमच्याकडे पुठ्ठा येतो आणि खोकी जातात. इथे कोणाचं काही अडलेलं नाही."

पुन्हा चार महिने बाण चिकटवायचे असतील, तर मी स्वतःच एका खोक्यात बसून घरी येईन.

तुझी भिंगरी

१७ फेब्रुवारी

वेडे भिंगरे,

अडलेला माणूस शोधत कशाला फिरतेस? मी बावीस वर्षं अडलेय! घे मला.

पुढच्या खोलीतलं ते तीन दारांचं लाकडी कपाट तुला आठवतंय ना, मधल्या दाराला आरसा असलेलं? ते वर आणायला चार हमाल लागले होते. जिना चढता चढता चौघांचा जीव मेटाकुटीला आला आणि खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी ते खिडकीपुढे टेकवलं. त्यातला एक म्हणाला, "बाई, जरा दम खातो आणि सरकवतो." तो दम खायला गेलेला अजून आलेला नाही. कपाट तिथेच. मी आधी आठवडाभर वाट बघितली, मग महिनाभर, मग सवय झाली.

तर लिहून घे: कपाट आतल्या खोलीत न्यायचं. ग्राहक मी. ग्राहक म्हणजे देवाच्या खालोखाल असतो असं दुकानात पाटीवर वाचलंय, तेव्हा माझ्याशी जरा अदबीने बोलायचं. वन्संना सांगितलं तर त्या रुसल्या. म्हणतात, "ग्राहक तूच का? कपाटाचा एक कप्पा माझाही आहे." म्हणून त्यांना अर्धी ग्राहक घे. चालतं ना?

तुझी ग्राहक

२३ फेब्रुवारी

माननीय ग्राहक आजी,

चालतं! परीक्षक बाईंनी प्रकल्प मान्य केला. साहेब म्हणाले, "बावीस वर्षं? मग तशी घाई नाही म्हणायची." पण त्यांनी कारखान्याचा पुठ्ठा आणि आराखड्याचं टेबल वापरायला दिलं, बाण चिकटवून झाल्यावर.

आता तुझी कामं ऐक. कपाटाचं आणि दाराचं माप घेऊन पाठव. काय काय बिघडू शकतं त्याची यादी कर, तिला जोखीम यादी म्हणतात. आणि दर पत्रात एक रंग कळव. काम सुरळीत असलं तर हिरवा, काही अडलं तर पिवळा, ठप्प झालं तर लाल. आजी, खोटा हिरवा लिहायचा नाही हं. बाई वर्गात पहिल्याच दिवशी म्हणाल्या, प्रकल्प लालने बुडत नाहीत, खोट्या हिरव्याने बुडतात.

तुझी भिंगरी

१ मार्च

भिंगरे,

रंग हिरवा. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

काय काय बिघडू शकतं हे लिहायला कॉलेजात शिकवतात, हे वाचून मी उठून उभी राहिले. आयुष्यभर ज्यावरून बोलणी खाल्ली, "उगाच काळजी करतेस, नस्तं काहीतरी बोलतेस", तो चक्क अभ्यास निघाला! तुझ्या आजोबांना कागद दाखवला. ते म्हणाले, "असेल." यादी एका बैठकीत केली. एक्केचाळीस जोखमी झाल्या, मग पाठ भरून आली म्हणून थांबले. थोड्या इथे देते. कपाट पायावर पडेल. आरसा फुटेल. आरसा फुटला नाही तरी फुटला असं वन्सं ओरडतील आणि दचकून सायकलवाला हात सोडेल. कपाटामागे काय निघेल सांगता येत नाही. मागे काहीच निघणार नाही, मग बावीस वर्षं मी ज्या हरवलेल्या चमच्यावरून सगळ्यांवर संशय घेतला त्याचं काय. मोलकरीण त्याच दिवशी येईल. मोलकरीण त्याच दिवशी येणार नाही. "काळजी करू नका" म्हणणारा एखादा माणूस मदतीला येईल. ही सगळ्यात मोठी.

माप: कपाट रुंदीला साडेआठ वीत, खोलीला तीन वीत आणि वर अंगठा. उंची वन्सं अधिक एक वरवंटा. माझी वीत किती ते तुला कसं कळणार, म्हणून याच कागदामागे हात ठेवून पेन्सिलीने गिरवलाय. करंगळी जरा हलली, ती जमेस धरू नकोस. दाराचं माप घ्यायला वन्संना दारात आडवा हात धरून उभं केलं, पण तेवढ्यात त्यांना शिंक आली. साधारण कपाटाएवढंच आहे.

कपाटाच्या डाव्या अंगाला भिंत, उजव्या अंगाला तुझ्या आजोबांची आरामखुर्ची. खुर्चीला हात लावायचा नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेव. त्या खुर्चीवरून मी घरात वाद होऊ देणार नाही.

तुझी आजी

११ मार्च

आजी,

तुझा हात साहेबांनी आराखड्याच्या फळ्यावर टाचणीने लावलाय. सगळे जाता येता त्याला आपला हात लावून बघतात.

'साधारण कपाटाएवढं' हे माप आमच्या शास्त्रात बसत नाही. म्हणून मी एक युक्ती केली. तुझ्या विती मोजून मी पुठ्ठ्याचं कपाट केलंय, अगदी खऱ्याच्या मापाचं. घड्या घालून ते पार्सलने पाठवलंय. ते उघड, कडांना चिकटपट्टी लाव आणि आतल्या खोलीच्या दारातून नेऊन बघ. ते गेलं तर खरं कपाट जाईल. नाही गेलं तर तसं कळव, मग दुसरा मार्ग काढू. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, चाचणी असतेच त्यासाठी.

तुझी भिंगरी

१८ मार्च

गुणाचे भिंगरे,

गेलं! रंग हिरवा, अगदी पोपटी.

काय सुबक कपाट केलंस गं! दारं उघडतात, कप्पे आहेत. आम्ही तिघं, म्हणजे मी, वन्सं आणि सायकलवाला, त्याच्याभोवती नुसते फिरत होतो. तुझे आजोबा खुर्चीतून म्हणाले, "खऱ्यापेक्षा बरंय."

मग दाराकडे नेलं. खरं सांगू का, मी आधी देवाला हात जोडून आले. तुझा पहिलावहिला प्रकल्प आणि दारातच नापास झाला तर? दाराशी ते जरा थबकलं. पण आम्ही तिघांनी तिन्ही बाजूंनी त्याची समजूत घातली, आणि मग गेलं. सायकलवाल्याने टाळ्या वाजवल्या. आत गेल्यावर वन्संनी त्याला इस्त्री केली. का ते विचारत बसू नकोस, त्यांना इस्त्रीची हौस आहे.

परीक्षक बाईंना कळव की ग्राहक फार खूश आहे.

तुझी आजी

२४ मार्च

आजी,

मी कारखान्यात मोठ्याने ओरडले, "गेलं!" साहेब धावत आले, त्यांना वाटलं कोणीतरी गेलं.

आता खरं कपाट. येत्या रविवारी करा. आधी रिकामं करा, मग दोघांनी बाहेरून ढकला, एकाने आतून ओढा. सायकलवाल्याला सांग, पायांखाली जुन्या ट्यूबा घाल म्हणजे सरकेल. आत गेलं की फोटो काढा आणि पाठवा. फोटो नसेल तर अहवाल घेत नाहीत. माझं सगळं त्या एका फोटोवर आहे, आजी.

तुझी भिंगरी

२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

रविवारी काम झालं. रंग हिरवा.

कपाट खिडकीपासून हललं, हे अगदी खरं. ट्यूबांवरून लोण्यासारखं सरकलं, हेही खरं. दारापर्यंत गेलं, हे तर डोळ्यांनी बघितलं. तुझी आत्याआजी आतून ओढत होती. तिने मग आतल्या खोलीतच दुपारभर छान विश्रांती घेतली. चहा मी तिला वरून दिला. कशाच्या वरून, ते तितकंसं महत्त्वाचं नाही. बशी मात्र गेली नाही, नुसता कप गेला.

(खालच्या चार ओळी खोडल्यात त्या वाचू नकोस. वन्संनी मध्येच पेन घेतलं होतं. तीन तास म्हणजे काही फार नव्हे.)

संध्याकाळी सायकलवाल्याने दोरी बांधून सगळं पूर्ववत केलं. पूर्ववत म्हणजे व्यवस्थित. जोखमीतली चौतिसावी खरी ठरली, पण ती कुठली ते माझ्याकडच्या यादीत आहे.

बाकी इथे सगळे मजेत. हवा बरी आहे. सहज आठवलं म्हणून विचारते, पुठ्ठ्याला रंग लागतो का? म्हणजे समज, लाकडासारखा तपकिरी? मला आपली शिकायची आवड.

तुझी आजी

७ एप्रिल

आजी,

लागतो. पातळ रंगाचे दोन हात द्यायचे. एकदम जाड दिला तर पुठ्ठा फुगतो. पण पुठ्ठ्याचं कपाट रंगवून काय करणार आहेस? फुलं ठेवणार?

आणि तुझ्या पत्रात फोटो नव्हता. कपाट आत आहे का? एका शब्दात कळव. तेरा दिवस राहिले. माझ्याबरोबरच्या सगळ्यांचे अहवाल गेलेत, आणि माझ्याकडे तुझा हात आहे फक्त.

भिंगरी

१३ एप्रिल

भिंगरे,

एका शब्दात: हिरवा.

फोटो सायकलवाल्याच्या मोबाइलवरून पाठवलाय. बघितलास ना? आतल्या खोलीत, पलंगाशेजारी, कपाट! वन्संनी काढला म्हणून अर्ध्या फोटोत त्यांचं बोट आहे. कपाट तिरकं वाटलं तर जमीन तिरकी आहे. चमक कमी वाटली तर जुनं लाकूड आहे. त्याच्याकडे फार निरखून बघू नये. कपाटच ते, त्यात काय बघायचं.

आता पास हो आणि दोन घास जास्त खात जा.

तुझी आजी

२३ एप्रिल

माननीय आजीबाई,

मी आपल्या नातीची परीक्षक. तिचा अहवाल नीटनेटका आहे. आपला हात तर मी इतर विद्यार्थ्यांनाही दाखवला. मात्र सोबतच्या फोटोबाबत काही शंका आहेत, त्या तिला न विचारता थेट ग्राहकाला विचारणं मला योग्य वाटतं.

फोटोत एक किडकिडीत गृहस्थ तीन दारांचं लाकडी कपाट एका तळहातावर पेलून उभे आहेत आणि हसत आहेत. कपाटाच्या आरशात समोरची खोली दिसायला हवी, तिथे चॉकलेटच्या चांदीसारखा कागद दिसतो. कपाटाच्या कडेला 'ही बाजू वर' असा बाण असून तो जमिनीकडे आहे.

कृपया खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास प्रकल्प अपूर्ण धरला जाईल आणि विद्यार्थिनीला कारखान्यातला कालावधी पुन्हा पूर्ण करावा लागेल.

आपली,
परीक्षक

२६ एप्रिल

भिंगरी,

लाल. लाल, लाल, लाल.

तुझ्या बाईंचं पत्र आलं. किती चांगलं अक्षर आणि किती तीक्ष्ण नजर! अशी बाई माप घ्यायला आली असती तर ही वेळ आली नसती.

सगळं सांगते. तुझं पुठ्ठ्याचं कपाट दारातून गेलं नव्हतं. अरुंद बाजूने नेलं तरी दोन्हीकडे चार चार बोटं जास्त होतं. मी म्हटलं, पोरीने इतकं मन लावून केलंय, नापास कसं होऊ द्यायचं? म्हणून ते मधोमध दुमडलं आणि आत ढकललं. म्हणून इस्त्री. मग खरं कपाट नेलं, तर ते काही दुमडेना. दारात असं घट्ट बसलं की वन्सं आत आणि आम्ही बाहेर. त्यांनी आतून मला जे जे ऐकवलं ते माझ्या लग्नापासूनचं होतं. सायकलवाल्याने दोरीने मागे ओढलं, ते पुन्हा खिडकीपुढेच येऊन बसलं. आणि मग तुझं पत्र, सगळं एका फोटोवर आहे म्हणून. मी काय करणार? रंग आणला. आरशाला चांदीचा कागद वन्संची कल्पना. सायकलवाल्याला म्हटलं होतं, नुसता शेजारी उभा रहा. पण फोटो म्हटल्यावर त्याला राहवेना.

तू सांगितलं होतंस खोटा हिरवा लिहू नकोस. मला वाटलं, हिरवा लिहिला की तू जेवशील. माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं तर मी त्या कपाटात जाऊन बसेन. खऱ्या.

तुझी आजी

३० एप्रिल

आजी,

आधी कपाटातून बाहेर ये.

तुझं पत्र वाचून मी रडले, मग मधेच 'ते काही दुमडेना' आलं आणि हसायला लागले. निरखून बघू नये म्हणालीस, म्हणून मी तो फोटो मुदतीच्या घाईत न निरखताच जोडला होता. साहेबांनी पाणी आणून दिलं. ते म्हणाले, "जा, सांगून टाक, नाहीतर हा बाण आयुष्यभर उलटा राहील."

मी परीक्षक बाईंकडे गेले आणि तुझं पत्र जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. मधे दोनदा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, त्यांचे खांदे हलत होते. मग बसल्या आणि कडक आवाजात म्हणाल्या, "खोटा हिरवा तुमच्या ग्राहकाने दिला, पण चूक तुमची आहे. ग्राहक म्हणाली कपाट, आणि तुम्ही कपाट धरून बसलात. तिला कशासाठी हवंय, हे विचारलंत का?" मी म्हटलं, नुसतं माप विचारलं. त्यांनी बारा मेपर्यंत मुदत दिलीय. ती शेवटची.

म्हणून विचारते. तुला कपाट आतल्या खोलीत कशाला हवंय? आणि दुसरं. ते दारापर्यंत सरकतं, मग नुसतं बाजूला का सरकत नाही? खुर्चीला हात लावायचा नाही म्हणतेस, आजोबा नाही म्हणालेत का? कधी? कोणत्या शब्दांत?

भिंगरी

५ मे

भिंगरे,

तुझ्या प्रश्नांनी माझी झोप उडवली, म्हणजे दुपारची.

मला कपाट आतल्या खोलीत कशाला हवंय? नकोच आहे! आतल्या खोलीत आधीच पाय ठेवायला जागा नाही. मला खिडकी हवीय. दिवसा दिवा लावून निवडणं-टिपणं करायचा कंटाळा आलाय, दोन माणसं रस्त्यावरून जाताना दिसावीत एवढंच. हे मी बावीस वर्षांत कोणाला म्हटलंच नाही, म्हणायचे ते "हे कपाट हलवा."

आणि तुझे आजोबा नाही कधी म्हणाले? मी आठवून आठवून थकले. म्हणालेच नाहीत, कारण मी विचारलंच नाही. यांना काही विचारायचं म्हणजे मोठं संकट. चव्वेचाळीस वर्षांत "जेवायला वाढू का" याच्या पलीकडे मी यांना प्रश्न केलेला नाही. वन्सं म्हणाल्या, "मी विचारते, माझा भाऊ आहे." आणि दाराआड जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी मीच गेले. पदर खोचला, घसा साफ केला.

म्हटलं, "अहो, ऐकता का? तुमची खुर्ची पलीकडे सरकवली तर चालेल का?"

हे पेपर खाली करून म्हणाले, "का?"

"कपाट तिथे येईल. खिडकी मोकळी होईल."

यांनी पेपरची घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ही खुर्ची इथे तुला हवी होती ना?"

"मला? मला कशाला हवी असेल?"

"मग इतकी वर्षं मी इथे कशाला बसलोय? इथे दाराच्या फटीतून थेट मानेवर वारा येतो. म्हणून तर मफलर गुंडाळून बसतो."

भिंगरे, मी यांना दर वर्षी एक मफलर विणते! बावीस झाले. मला वाटायचं, आवड आहे. वन्सं दाराआडून इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली.

हे स्वतः उठले, खुर्ची उचलली आणि दुसऱ्या भिंतीशी ठेवून बसले. सायकलवाल्याला हाक मारली, ट्यूबा घातल्या, कपाट उजवीकडे सरकलं. सगळं मिळून पाव तास, त्यात सायकलवाला दहा मिनिटं "काळजी करू नका" म्हणत होता. फोटो पाठवतेय. या वेळी सायकलवाल्याला बाहेर ठेवलाय.

रंग हिरवा. हवं तर येऊन बघ.

तुझी आजी

११ मे

ग्राहकाचा अभिप्राय
(ग्राहकाने स्वतःच्या अक्षरात भरावा)

प्रकल्प पूर्ण झाला का?
झाला. कपाट बाजूला, खिडकी उघडी. कडी गंजली होती, सायकलवाल्याने तेल घातलं.

ठरलेल्या मुदतीत झाला का?
तुमच्या दुसऱ्या मुदतीत झाला. पहिलीत झाला नाही तो माझ्यामुळे. पोरीने वेळेवर सगळं केलं. दुमडायला तिने सांगितलं नव्हतं.

प्रकल्पादरम्यान कोणी चुकीची माहिती दिली का?
हो. मी. आणि थोडी वन्संनी.

विद्यार्थिनीने आपली गरज नीट समजून घेतली का?
उशिरा घेतली, पण मला स्वतःलाही उशिराच कळली. ती एवढी खोलात शिरली नसती तर हे अजून वाऱ्यात बसले असते.

विद्यार्थिनीने काय सुधारावं?
वेळेवर जेवावं. तुम्हीही बघा जरा.

या विद्यार्थिनीचं नाव आपण इतर कोणाला सुचवाल का?
(इथे जागा पुरत नाही, मागे लिहिते.) बाई, सुचवलं सुद्धा. काल सकाळी मी खिडकीत खुर्ची घेऊन बसले. म्हटलं, आता बघू जग कसं दिसतं ते. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे घर, घराला अगदी माझ्या समोरासमोर खिडकी, आणि त्या खिडकीत कपाटाची पाठ! मला राहवलं नाही. मी हाक मारली, "अहो, ऐकू येतं का?" मी पुन्हा जोरात हाक मारली. मग कपाटाच्या मागून बाईचा आवाज आला, "कोण आहे?" म्हटलं, "समोरची. किती वर्षं झाली?" आवाज म्हणाला, "एकोणीस. हमाल दम खायला गेलाय." मी म्हटलं, "तुम्ही काही करू नका, हात लावू नका, रंग तर मुळीच आणू नका. मी माझ्या नातीला लिहिते."

ग्राहकाची सही: (केली आहे. वन्संची अर्धी सही खाली आहे.)

परीक्षकाचा शेरा: उत्तीर्ण. समोरच्या बाईंचा पत्ता कळवावा. पुढच्या वर्षीच्या मुलांना प्रकल्प कमी पडत आहेत.